रस्त्याची उंची

अण्णा नगरातले एखादे घर किती जुने आहे हे ओळखायला मालकाला विचारावे लागत नाही. फाटकापाशी उभे राहून पायऱ्या मोजल्या की पुरे. रस्त्यावरून आत जायला चार पायऱ्या चढाव्या लागत असतील तर घर नवे. फाटक आणि रस्ता एका पातळीत असतील तर घराला वीस-पंचवीस वर्षे झालेली. आणि फाटकातून अंगणात उतरावे लागत असेल, उंबऱ्यावर वीतभर सिमेंटचा बांध घातलेला असेल, तर ते घर बहुधा पहिल्या पिढीचे, सत्तरच्या दशकातले. असे घर खचलेले नसते. त्याच्यासमोरचा रस्ता वर आलेला असतो.

मी तमिळमधून मराठीत भाषांतर करते आणि गेली बारा वर्षे चेन्नईच्या या भागात राहते. पुण्या-मुंबईकडच्या माणसाची रस्त्याबद्दलची तक्रार एकाच दिशेची असते: रस्ता खाली जातो. आपला शब्दसुद्धा तसाच आहे. 'खाचखळगे' म्हणताना आपण खाचही मोजतो आणि खळगाही मोजतो, पण दोन्ही खालीच. तमिळमध्ये याच ठिकाणी 'मेडु-पळ्ळम' अशी जोडी येते. मेडु म्हणजे उंचवटा, पळ्ळम म्हणजे खड्डा किंवा सखल जागा. आयुष्यातल्या अडचणींनाही दोन्ही भाषांत हेच शब्द चालतात. भाषांतर करताना मी 'मेडु-पळ्ळम'साठी कितीदा तरी 'खाचखळगे' लिहिले आहे आणि ते बरोबरच आहे. पण अण्णा नगरातल्या रस्त्यांबद्दल लिहायचे तर तमिळ जोडीतला पहिला शब्द सोडून चालत नाही. इथला प्रश्न 'मेडु'चा आहे.

या उंचीलाही इतिहास आहे. कूवम नदीच्या उत्तरेला असलेली ही जमीन साठच्या दशकापर्यंत शहराबाहेरच्या गावांची होती. नडुवक्करै हे त्यांतले एक नाव जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येते. १९६८ साली इथे आंतरराष्ट्रीय व्यापार आणि उद्योग प्रदर्शन भरले. त्यासाठी बांधलेला १३५ फूट उंचीचा मनोरा आजही उभा आहे. त्याला विश्वेश्वरय्यांचे नाव दिलेले आहे, पण लोक नुसते 'टॉवर पार्क' म्हणतात. मनोऱ्याचे उद्घाटन जानेवारी १९६८ मध्ये तेव्हाचे उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी केले. मुख्यमंत्री अण्णादुराई त्या वेळी हजर होते. वर्षभराने, ३ फेब्रुवारी १९६९ रोजी, ते वारले. प्रदर्शन उठले, गृहनिर्माण मंडळाने त्या भागात वसाहत आखली, आणि वसाहतीला त्यांचे नाव मिळाले.

ही आखणी मद्रासच्या जुन्या भागांपेक्षा वेगळी होती. मैलापूर किंवा ट्रिप्लिकेनमध्ये देवळाभोवती, तळ्याभोवती रस्ते वाढत गेले. इथे आधी कागदावर रेघा ओढल्या गेल्या. पहिला अ‍ॅव्हेन्यू, दुसरा अ‍ॅव्हेन्यू, तिसरा अ‍ॅव्हेन्यू. मधल्या घरांच्या गटांना इंग्रजी अक्षरे. देवाचे, राजाचे, सावकाराचे नाव नसलेले रस्ते. मनोरा बरीच वर्षे बंद होता, २०२३ मध्ये तो पुन्हा लोकांसाठी उघडला. वर चढून पाहिले की झाडांच्या खालून त्या सरळ रेघा अजूनही दिसतात. या इंग्रजी आराखड्यात एक देशी शब्द मात्र घट्ट बसला आहे. दुसऱ्या अ‍ॅव्हेन्यूवरच्या मोठ्या चौकाला सगळे 'रौंडाना' म्हणतात. इंग्रजी 'राउंड' आणि आपल्याच ओळखीचे 'ठाणे' मिळून हा शब्द झाला, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. माउंट रोडवर पूर्वी गोल पोलीस चौकी होती, तिच्यावरून गोल चौकालाच हे नाव पडले म्हणे. रिक्षावाल्याला 'सर्कल' म्हटले तर तो क्षणभर बघतो, 'रौंडाना' म्हटले की मीटरला हात लावतो, किंवा निदान भाव सांगतो.

वसाहतीच्या दक्षिणेकडून जाणारा हमरस्ता मात्र कागदावरचा नाही, तो फार जुना आहे. पूनमल्ली हाय रोड म्हणजे शहरातून पश्चिमेकडे निघणारी वाट. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ याच बाजूने शहरात शिरायचा. मुंबई-पुण्याहून निघालेला, सातारा, कराड, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू, राणीपेट करत आलेला. कात्रजच्या घाटात ज्या रस्त्याला आपण 'बेंगलोर हायवे' म्हणतो, त्याचे दुसरे टोक माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. या रस्त्याला १९७९ साली पेरियार ई. वे. रामसामी यांचे नाव देण्यात आले. एप्रिल २०२१ मध्ये एके दिवशी त्यावरच्या पाट्यांवर अचानक 'ग्रँड वेस्टर्न ट्रंक रोड' असे जुने सरकारी नाव झळकले. महामार्ग खात्याच्या दप्तरात तेच नाव चालू होते. गदारोळ झाला, काही पाट्यांना काळे फासले गेले. नावांसाठी या शहरात माणसे रस्त्यावर उतरतात. रस्त्याच्या उंचीसाठी कोणी उतरत नाही, कारण उंची एका रात्रीत बदलत नाही. ती बोटा-दोन बोटांनी वाढते.

ती कशी वाढते हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल. आजचा खडीचा रस्ता ज्याच्या विचारातून आला तो स्कॉटिश माणूस जॉन मॅकॅडम, १७५६ ते १८३६. त्याचे म्हणणे साधे होते. रस्त्याचा शत्रू गाडी नसून पाणी आहे. खालची जमीन कोरडी राहिली तर ती कितीही भार पेलते. म्हणून बारीक, सारख्या आकाराची खडी घट्ट बसवा आणि रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच ठेवा, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंना निघून जाईल. पुढे १९०२ साली इंग्लंडमध्ये एडगर हूली याने खडी आणि डांबर एकत्र करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले आणि रस्ता काळा झाला. 'डांबर' हा आपला शब्द त्याहून किती तरी जुना आहे. मलय भाषेत 'दामार' म्हणजे राळ. जहाजांच्या फटी बुजवणारा हा पदार्थ समुद्रमार्गे आला, आणि आपला डामर, डांबर त्याच घराण्यातला मानतात. तमिळमध्ये मात्र इंग्रजी 'टार'चे 'तार' झाले, आणि डांबरी रस्ता म्हणजे 'तार सालै'.

मॅकॅडमचे तत्त्व शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यासाठी चोख होते. रस्ता उंच, दोन्ही बाजूंना चर, पाणी चरात. शहरात तेच तत्त्व आले तेव्हा एक गोष्ट बदलली: रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चर नव्हते, घरे होती. रस्ता उंच राहिला, कोरडाही राहिला, पण पाणी जिथे जायचे तिथे माणसे राहत होती.

आता हिशेब करू. जुन्या रस्त्यावर नवा डांबरी थर टाकायचा तर साधारण ४० मिलीमीटरचा टाकतात. दिसायला काहीच नाही, चार सेंटीमीटर. पण असे पाच थर म्हणजे २० सेंटीमीटर, एका पायरीपेक्षा जास्त. सहा-सात वर्षांनी एकदा थर पडला असे धरले तर पन्नास वर्षांत सात-आठ थर, म्हणजे दोन पायऱ्या. खालची खडी मध्येच पुन्हा भरली गेली असेल तर अडीच-तीन. अण्णा नगरातल्या पहिल्या पिढीच्या घरांनी नेमक्या तेवढ्याच पायऱ्या गमावल्या आहेत.

आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एक मामी १९७४ साली लग्न होऊन या घरात आल्या. त्या सांगतात, "मी आले तेव्हा तीन पायऱ्या चढून आत आले. पहिल्या पायरीवर रोज कोलम काढायचे. ती पायरी आधी गेली, मग दुसरी गेली. आता दारात बांध आहे, त्यावर कोलम कुठे काढणार?" त्यांचा गुडघा दुखतो, म्हणून बांध ओलांडायला त्या भिंतीला धरतात. पाऊस लागला की मुलगा वाळूची पोती आणून दारात लावतो. त्यांच्या बोलण्यात संताप नसतो. पायऱ्या गेल्या असे त्या सांगतात तेव्हा वाटते, घरातली वडीलधारी माणसे एकेक करून गेली असे सांगताहेत.

जुना थर खरवडून मग नवा का टाकत नाहीत? यंत्र आहे, त्याला मिलिंग मशीन म्हणतात. दात असलेला मोठा रोळ फिरतो आणि वरचे डांबर सोलून काढतो. निघालेला माल पुन्हा वापरताही येतो. अडचण पैशाची आणि सोयीची आहे. खरवडायचे म्हणजे यंत्र आणायचे, माल उचलायचा, दोन-चार दिवस रस्ता अडवायचा. नुसता थर टाकायचा तर रात्री अकराला सुरुवात होते आणि सकाळी दूधवाला गुळगुळीत रस्त्यावरून येतो. लोकांनाही तो काळा कुळकुळीत रस्ता आवडतो. निवडणुकीच्या आधी तो अधिकच काळा दिसतो. शिवाय या रस्त्याखाली एकट्या महापालिकेचे राज्य नाही. पाणी आणि मलवाहिन्या १९७८ मध्ये स्थापन झालेल्या मेट्रोवॉटर मंडळाच्या, विजेच्या तारा वीज मंडळाच्या, फोनच्या तारा आणखी कोणाच्या. बस जाते त्या रस्त्यांचे खाते वेगळे, आतल्या गल्ल्या विभागीय कार्यालयाकडे, आणि पूनमल्ली हाय रोड राज्याच्या महामार्ग खात्याकडे. रस्ता वर आला की मलवाहिनीची झाकणे खड्ड्यात जातात. मग ती वर उचलतात. मग झाकणे रस्त्याच्या वर येतात, आणि पुढचा थर त्यांच्या उंचीला जुळवून घेतो. या शर्यतीत घर तेवढे जागच्या जागी राहते.

दुसऱ्या अ‍ॅव्हेन्यूची गोष्ट याहून मोठी. चेन्नईत २००९ साली मेट्रोचे काम सुरू झाले आणि अण्णा नगरचा मुख्य रस्ता काही वर्षे पत्र्यांच्या भिंतीआड गेला. तिरुमंगलम ते नेहरू पार्क हा तमिळनाडूतला पहिला भुयारी मेट्रोमार्ग १४ मे २०१७ रोजी सुरू झाला. अण्णा नगर पूर्व आणि अण्णा नगर टॉवर ही दोन स्थानके या मार्गावर आहेत. पत्रे निघाले तेव्हा रस्ता नव्याने आखावा लागला. या वसाहतीच्या आयुष्यात पातळी पुन्हा ठरवण्याची अशी संधी दुसऱ्यांदा आली होती. पहिली होती ती सत्तरच्या दशकात, रिकाम्या जमिनीवर रेघा ओढताना. आता तिरुमंगलमला दुसऱ्या टप्प्याच्या मार्गासाठी पुन्हा खोदाई आहे. 'माट्रुप्पादै' लिहिलेले बाण दिसतात, म्हणजे पर्यायी वाट. आपल्याकडची 'काम चालू रस्ता बंद' ही पाटी मला अशा वेळी आठवते. तीही खरेच सांगते, पण पुढे काय करायचे ते वाचणाऱ्यावर सोडते.

वसाहतीने एकदा विकासाला नकार दिल्याचे उदाहरणही आहे. पूर्वेच्या तोंडाशी ५२ फूट उंचीची जुळी कमान आहे. अण्णादुराईंच्या जन्माच्या पंचाहत्तरीनिमित्त ती बांधली आणि १ जानेवारी १९८६ रोजी एम. जी. रामचंद्रन यांनी तिचे उद्घाटन केले. सप्टेंबर २०१२ मध्ये उड्डाणपुलासाठी ती पाडायला घेतली. यंत्रे आली, काम सुरू झाले, पण कमान दाद देईना, आणि लोकांनाही ती जावीशी वाटेना. शेवटी सरकारने ती ठेवायचे ठरवले, दुरुस्त केली, आणि पुलाला तिच्याशी जमवून घ्यावे लागले. म्हणजे रस्त्याला थांबवता येते. त्यासाठी समोरची वस्तू मोठी, सर्वांच्या ओळखीची आणि कोणाच्या तरी नावाची असावी लागते. मामींच्या दोन पायऱ्या तशा नव्हत्या.

पाणी मात्र नाव पाहत नाही. चेन्नईचा पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये येत नाही. ईशान्य मोसमी वारे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत तो आणतात. मुंबईत रस्त्यांची कामे मे अखेर उरकायची घाई असते, इथे ती सप्टेंबर अखेर असते. डिसेंबर २०१५ च्या पुराने शहर हादरले. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका रात्रीच्या पावसाने पुन्हा गल्ल्या भरल्या, आणि निवृत्त सनदी अधिकारी व्ही. तिरुप्पुगळ यांच्या अध्यक्षतेखाली पूरनिवारणासाठी समिती नेमली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळ आले. या तीन तारखांच्या मध्ये एक छोटी प्रशासकीय घटना घडली, जी माझ्या मते या शहराच्या इतिहासात नोंदवण्यासारखी आहे. २०२१ मध्ये राज्याचे मुख्य सचिव व्ही. इरै अन्बु यांनी, जे स्वतः तमिळ लेखकही आहेत, अधिकाऱ्यांना सांगितले की जुना थर खरवडल्याशिवाय नवा टाकू नका, रस्त्याची पातळी वाढू देऊ नका. इतकी साधी गोष्ट लेखी सांगावी लागली, कारण चाळीस-पन्नास वर्षे उलटी सवय होती. तेव्हापासून मोठ्या रस्त्यांवर खरवडणारे यंत्र दिसते. अरुंद गल्लीत ते कधी येते, कधी येत नाही.

तंत्रज्ञानाची कमतरता होती असे नाही. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी टाकाऊ प्लास्टिक डांबरी रस्त्यात वापरण्याची पद्धत काढली. चेन्नईच्या नुंगम्बाक्कममधला जंबुलिंगम स्ट्रीट २००२ साली तशा रस्त्यांपैकी अगदी सुरुवातीचा ठरला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे पुण्याचा जंगली महाराज रस्ता आहे. १९७६ मध्ये पूर्ण झालेला, रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन बांधलेला, आणि त्यानंतर कित्येक दशके खड्ड्यांवाचून टिकलेला. पुणेकर ती गोष्ट खड्डे नसल्याची गोष्ट म्हणून सांगतात. अण्णा नगरातून पाहताना मला तिचा दुसरा अर्थ दिसतो. एकदा नीट केलेल्या रस्त्यावर वारंवार थर टाकावे लागत नाहीत, म्हणून तो वर येत नाही. हमीने खड्डा जसा थांबतो तसा उंचवटाही थांबतो.

ज्यांना थांबायला वेळ नाही ते घरच उचलतात. चेन्नईत गेल्या काही वर्षांत हा एक व्यवसाय झाला आहे. हरयाणातल्या कंपन्या यात जुन्या. भिंतींच्या खाली शेकडो जॅक लावतात, मजूर एका तालात ते फिरवतात, आणि घर तसूतसूने तीन-चार फूट वर जाते. खालची पोकळी विटांनी भरून काढतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला त्या कौशल्याचे कौतुकच वाटले. नंतर त्याचा अर्थ लक्षात येतो. रस्ता वर नेण्याचा निर्णय सार्वजनिक होता, त्याची किंमत एका कुटुंबाने आपल्या पुंजीतून भरली. आणि शेजारच्या घराने उचलले नाही तर उचललेल्या घराचेही पाणी त्याच्याच अंगणात जाते. मग त्यालाही उचलावे लागते. ज्यांच्याकडे पैसे नाहीत, जे भाड्याने राहतात, ज्यांची घरे कूवमच्या काठावर पत्र्याची आहेत, त्यांना जॅक लावता येत नाही. ते सामान पलंगावर ठेवतात.

या शहराची महानगरपालिका १६८८ सालची, देशातली सर्वांत जुनी. आणि भारताच्या शास्त्रीय मोजणीची सुरुवातही याच शहरातून झाली. एप्रिल १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने सेंट थॉमस माउंटजवळ साडेसात मैलांची पायारेषा साखळीने मोजली, आणि तिच्यावरून त्रिकोण जोडत मोजणी उत्तरेकडे निघाली. लॅम्बटन १८२३ साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला, मोजता मोजताच. त्याची कबर तिथेच आहे. मद्रासपासून हिंगणघाटपर्यंतचा देश त्या माणसाने आणि त्याच्या हाताखालच्या अनामिक मोजणीदारांनी फुटाफुटाने नोंदवला.

अशा शहराला आपल्या गल्लीतल्या रस्त्याची उंची मोजून ठेवणे जड जाऊ नये. प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी, एखाद्या भिंतीवर किंवा विजेच्या खांबाच्या पायथ्याशी एक रेघ हवी, तिच्याखाली रस्त्याची पातळी आणि साल. पुढचा कंत्राटदार आला की त्याने त्या रेघेला जुळवून काम द्यायचे, आणि ते जुळले की नाही हे गल्लीतल्या कोणालाही पट्टी लावून पाहता यायचे. त्यासाठी समिती लागत नाही, न्यायालय लागत नाही. आजवर ही मोजणी घरांनी केली आहे, आपल्या पायऱ्या देऊन. ती आता रस्त्याने करावी.